चौथ्या वर्षाचा क्वार्टरबॅक

वादात हरणं मला जमत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, आमच्या घराण्याचा तो रोगच आहे. नागपूरला आमच्या घरी दर रविवारी सकाळी वडील आणि दोन काका पोह्यांच्या बशा मांडीवर घेऊन भारताची क्रिकेट टीम निवडायचे. तीन-तीन तास. कोणाला काढायचं, कोणाला घ्यायचं, कॅप्टन कसा नालायक आहे. एकदा ओपनरवरून मोठे काका इतके भडकले, की चपला न घालताच तरातरा घरी निघून गेले. पुढच्या रविवारी परत हजर. निवड समितीनं आमचं कधी ऐकलं नाही, आणि ती ऐकणार नाही हे आम्हालाही पक्कं ठाऊक होतं. आमच्या बोलण्यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून तर इतकं मनसोक्त बोलता यायचं.

ही सवय घेऊन मी टेक्सासला गेलो. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. शुगर लँडला दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं होतं आणि नोकरी ह्यूस्टनमध्ये, एका कंपनीत. आम्ही रिफायनऱ्यांच्या पाइपांची डिझाइनं करायचो. मी रुजू झालो तेव्हा बिल्डिंगचे चार मजले आमचे होते. दुसऱ्या वर्षी तीन झाले. तेलाचे भाव घसरत होते, नव्या रिफायनऱ्या कोणी बांधत नव्हतं, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या शुक्रवारी दुपारी कोणाच्या तरी टेबलावरचा फोन वाजायचा. तो माणूस वर जायचा, खाली यायचा आणि सामान भरायला खोका शोधायला लागायचा. शुक्रवारी तीननंतर फोन वाजला, की कोणाचा वाजला ते कळेपर्यंत हातातली पेन्सिल हलायची नाही.

माझी अडचण इतरांपेक्षा थोडी वेगळी होती. ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीनं केलेला, आणि तो अर्धवट अडकलेला. नोकरी गेली असती तर अर्जही गेला असता, आणि महिन्या-दोन महिन्यांत गाशा गुंडाळून नागपूर. त्यात बायकोला सहावा महिना लागलेला. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो, की तिथले डॉक्टरकाका खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "काय रे, कार्ड कुठवर आलं?" ते प्रेमानं विचारायचे, पण मला ते नको व्हायचं. मी बटाटेवडा तोंडात कोंबून मान हलवायचो. त्या वर्षी मी कुठंच धड बसू शकत नव्हतो. जेवताना पाय हलायचा. बायको म्हणायची, "अहो, टेबल हलतंय."

तर अशा त्या ऑफिसात सोमवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर फुटबॉल चालायचा, म्हणजे त्यांचा अमेरिकन, चेंडू हातानं फेकायचा. खेळायचं नव्हे, भांडायचं. शनिवारी कॉलेजच्या मॅचेस झालेल्या असायच्या आणि आमच्या सेक्शनमधले सात-आठ जण सँडविचं उघडून त्यावर तुटून पडायचे. सगळ्यांची टीम एकच होती, एका जुन्या, मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीची. आमचा साहेब, म्हणजे सेक्शनचा मुख्य, तिथंच शिकलेला. त्याच्या बोटात तिथल्या पदवीधरांची जाडजूड अंगठी होती आणि बोलता बोलता तो ती फिरवत बसायचा. त्याच्या तरुणपणी म्हणे ही टीम देशात कोणाला भीक घालत नव्हती. आता मात्र जो येईल तो बडवून जात होता.

का, यावर रोज नवं मत. एक म्हणायचा, कोच भित्रा आहे. दुसरा म्हणायचा, कोच नाही हो, देणग्या देणारे म्हातारे शेठ सगळं बिघडवतात, त्यांना प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचं असतं. तिसऱ्याच्या मते हल्लीची चांगली पोरं टीव्हीवर दिसायला मिळतं म्हणून कॅलिफोर्नियाला आणि फ्लॉरिडाला पळतात. एकजण तर गंभीरपणे सांगायचा, की हेल्मेटचा रंग बदलला त्या वर्षापासून साडेसाती लागली. (साडेसाती हा माझा शब्द, पण त्याला तेच म्हणायचं होतं.) साहेब सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, आपण परत वर येऊ. दर सोमवारी म्हणायचा. मला तेव्हा हसू यायचं, आणि मग आठवायचं, की भारत मॅच हरल्यावर आमचे वडील अगदी हेच आणि अगदी याच आवाजात म्हणायचे.

पहिले काही महिने मी मुकाट्यानं पोळी-भाजी खात बसायचो. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो शिकवला आमच्या म्हाताऱ्यानं.

त्याला मी मनात म्हाताराच म्हणायचो, पण तो काही फार म्हातारा नव्हता, साठीला दोन-तीन वर्षं कमी असतील. पायपिंग डिझाइनर होता. कॉलेजात कधी गेलेला नाही. तरुणपणी ड्रॉइंग बोर्डापाशी उभा राहिला तो तिथंच. त्याचा बोर्ड माझ्या शेजारी. ती थोर युनिव्हर्सिटी त्याच्या गावापासून जवळ होती, त्यामुळं तिथल्या वर्गात पाऊल न टाकताही तो "आपली टीम" म्हणायचा, आणि साहेबाच्या अंगठीला त्याची कधी हरकत नसायची. पहिल्या वर्षी मी एकदा त्याला विचारलं, की हे सगळे एकमेकांवर पडतात ते नक्की कशासाठी. दुसरा कोणी असता तर हसला असता. त्यानं ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा घेतला, अकरा गोल काढले, समोर अकरा फुल्या काढल्या आणि मला अख्खा खेळ पाइपांच्या लेआउटसारखा समजावून सांगितला. त्यातला एक गोल त्यानं गिरवून काळा केला. हा क्वार्टरबॅक. समोरून पाच-सहा रेडे अंगावर धावून येत असताना चेंडू कोणाकडं फेकायचा ते दोन-तीन सेकंदांत ठरवणारा माणूस. बाकी सगळं त्याच्या डोक्यावर अवलंबून, असं म्हातारा म्हणाला.

मग काय, मी लागलोच मागे. शनिवारी टीव्हीसमोर चौकटीची वही घेऊन बसायचो आणि प्रत्येक फेक लिहून काढायचो. किती लांब, कोणाकडं, हातात आला की जमिनीवर. बायको म्हणायची, "ऑफिसात आकडे, घरात आकडे. बाळाचं नाव तरी अक्षरात ठेवा." पण सोमवारी त्या वहीनं मला टेबलावर जागा मिळवून दिली. कोणी काही हवेत बोललं, की साहेब म्हणायचा, थांबा, वही काय म्हणते बघू. मी पान उलटायचो आणि वाचून दाखवायचो, आणि टेबल शांत व्हायचं. त्याचा आनंद मला किती झाला ते सांगायला लाज वाटते. परक्या देशात चार माणसं आपलं म्हणणं ऐकायला हातातलं सँडविच खाली ठेवतात, यापरतं सुख नव्हतं मला.

त्या वर्षीच्या मोसमात टीममध्ये दोन क्वार्टरबॅक होते आणि त्यावरून टेबलाचे दोन तट पडले होते. एक चौथ्या वर्षाचा. तिथं पोरं चार वर्षंच खेळू शकतात, म्हणजे त्याचं हे शेवटचं वर्ष. तीन वर्षं मार खात त्यानं टीम ओढली होती. आता त्याचा खांदा गेला होता आणि चेंडू लांब जात नव्हता. दुसरा पहिल्या वर्षाचा, हात तोफेसारखा, पण अक्कल अजून कच्ची. कोच कधी याला खेळवायचा, कधी त्याला. म्हातारा पहिल्यापासून चौथ्या वर्षाच्या बाजूचा. मी वहीच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या बाजूचा. आम्ही बोर्डापाशी काम करता करता भांडायचो, कॉफी आणताना भांडायचो, पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं ठेवून भांडायचो. भांडण संपलं, की तो माझ्या बायकोची तब्येत विचारायचा. त्याला तिनं केलेला चिवडा फार आवडायचा, तो ड्रॉवरमध्ये लपवून ठेवायचा.

ऑक्टोबर संपत आला होता. शनिवारी टीम घरच्या मैदानावर सपाटून हरली होती. चौथ्या वर्षाच्या मुलानं सबंध मॅच खेळून घालवली, असं माझं स्वच्छ मत होतं. सोमवारी साहेब टेबलावर आला तो सँडविच न आणताच. अंगठी फिरवत बसला. सगळे नेहमीप्रमाणे कोचच्या नावानं शंख करत होते. तो मधेच माझ्याकडं वळला.

"समज, दोघांतला एकच ठेवता येतो. दोघं नाही, एकच. कोणाला ठेवशील?"

मी वही उघडलीसुद्धा नाही. सगळं पाठ होतं. मी म्हणालो, तरुणाला, त्यात विचार काय करायचा. म्हातारा म्हणाला, थांब. त्यानं तोंड पुसलं आणि सावकाश सांगितलं, की चौथ्या वर्षाच्या मुलाला प्रत्येक माणूस कुठं उभा आहे ते न बघता माहीत असतं. सगळं कोसळतं ना, तेव्हा हात कामाला येत नाही, ते माहीत असणं कामाला येतं. एरवी म्हातारा वाद घालताना हसत असायचा. त्या दिवशी हसत नव्हता. पण मी कुठला ते बघायला. मला समोर जिंकायची मॅच दिसत होती.

मी म्हणालो, "माहीत असलेलं कागदावर उतरवून घेता येतं. खांदा नाही घेता येत. चौथ्या वर्षाचा मुलगा चांगला आहे, कोण नाही म्हणतंय? पण तो कालचा. त्याला आता ठेवायचं ते त्याच्यावर उपकार म्हणून, आणि टीम उपकारावर चालत नाही."

साहेबानं विचारलं, बाकीच्या पोरांना तो आवडतो, त्यांचं काय. मी म्हणालो, चार दिवस रुसतील. टेबलावर एकदोघं हसले. म्हाताऱ्यानं डब्याचं झाकण लावलं आणि मला म्हणाला, आज तू जिंकलास. मी खूश झालो. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी शीळ घालत काम केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबानं आम्हा दोघांना आत बोलावलं. समुद्राकाठच्या एका जुन्या रिफायनरीचं काम आमच्याकडं वर्षानुवर्षं होतं. तिथं इतक्या वेळा तोडफोड आणि वाढ झालेली, की ड्रॉइंगवर एक आणि जागेवर दुसरंच. कुठली पाइप खरोखर कुठून जाते ते फक्त म्हाताऱ्याला माहीत होतं. साहेब म्हाताऱ्याला म्हणाला, हे सगळं एकदा कागदावर यायला हवं. याला शेजारी बसव आणि उतरवून दे.

म्हातारा बरं म्हणाला. मी तर मोठ्या उत्साहानं हो म्हणालो. कंपनीचं सर्वांत जुनं काम माझ्या हातात येतंय, म्हणजे माझी खुर्ची पक्की, एवढंच माझ्या डोक्यात आलं. जवळजवळ तीन आठवडे आम्ही रोज बसलो. तो जुनी ड्रॉइंगं पसरायचा आणि बोट ठेवून सांगायचा. ही लाइन इथं डावीकडं दाखवलीय, पण ती उजवीकडं जाते, मधे एक पाया आला होता. हा व्हॉल्व्ह कागदावर आहे, जागेवर नाही. हा जागेवर आहे, पण कोणी उघडू नये. मी सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायचो. प्रत्येक गोष्टीनंतर तो विचारायचा, लिहिलंस? मी म्हणायचो, लिहिलं. त्या तीन आठवड्यांत तो फुटबॉलचं फारसं बोलला नाही, आणि माझ्या ते लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. मी तिकडं कानाडोळा केला.

घरी एकदा जेवताना मी फुशारकीनं हे सगळं सांगत होतो. बायकोनं वाढता वाढता विचारलं, "सगळं तुम्हाला शिकवून झाल्यावर ते काय करणार?"

मी तिच्यावर खेकसलो. म्हणालो, तुला ऑफिसातलं काही कळत नाही, उगाच काहीतरी अभद्र बोलू नकोस. ती माझ्याकडं बघत राहिली. मी ताट अर्धं टाकून उठलो आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत राहिलो. नोव्हेंबर आला तरी तिथं उकडत होतं. मी स्वतःशी हिशेब मांडत होतो, की म्हातारा इतकी वर्षं आहे, त्याला कोण काढेल, साहेबाचा तो जुना माणूस. काढलंच तर मला काढतील. आणि मला काढू नये म्हणून मी जीव तोडून लिहून घेत होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात होत्या आणि मी त्या एकमेकींना भेटू देत नव्हतो.

शेवटचं पान लिहून झालं त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, चारच्या सुमारास, फोन वाजला. माझा नाही. शेजारचा. म्हाताऱ्यानं तो उचलला, ऐकलं, ठेवला, बोर्डावरची धूळ ब्रशनं झाडली आणि वर गेला. तेवढ्या वेळात मला काय वाटलं ते सांगतो. पहिल्यांदा वाटलं, सुटलो. अगदी पहिल्यांदा तेच वाटलं. मी खुर्चीत मागे टेकलो. वाईट वाटायला त्यानंतर सुरुवात झाली.

तो खाली आला. स्केल, पेन्सिली, बायकोचा फोटो, स्वेटर असं सगळं एका खोक्यात मावलं. त्यानं माझ्याशी हात मिळवला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, त्या तळाच्या ड्रॉवरमध्ये मोठी त्रिकोणी पट्टी आहे, ती चांगली आहे, तू वापर. आणि गेला. मग साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. त्याचाही चेहरा उतरलेला होता. म्हणाला, मला दोघांतला एकच ठेवता येत होता. महिनाभर झोप नव्हती. मग तो म्हणाला, "टीम उपकारावर चालत नाही. तू त्या दिवशी बोललास ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. बरोबर होतं ते."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे बाबा, मी फुटबॉलबद्दल बोलत होतो. आमच्याकडं असं बोलतात. तीन-तीन तास बोलतात, टीमच्या टीम उलथून टाकतात आणि पोहे खाऊन घरी जातात, कोणी ते खरं धरून माणसं काढत नाही. पण ते सांगायचं म्हणजे, मला ठेवू नका, त्याला ठेवा, असं सांगायचं. आणि ते मला सांगायचं नव्हतं. मी थँक यू म्हणालो. बायकोला घरी जाऊन एवढंच सांगितलं, की मी राहिलो, ते गेले. तिनं देवापुढं साखर ठेवली आणि मग पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच मला घराबाहेर काढलं. म्हणाली, भेटून या, इतकं शिकवलंय त्यांनी तुम्हाला. चिवड्याचा डबा भरून दिला. मी रस्ता चुकल्याचं स्वतःलाच सांगत तासभर गाडी इकडंतिकडं फिरवली. दोनदा त्याच्या घरावरून पुढं गेलो. शेवटी थांबलो.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. मी तिला एकदाच, ख्रिसमसच्या पार्टीत भेटलो होतो. बारीक, ताठ बाई. तिनं मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, डबा घेतला आणि ओट्यावर ठेवला. म्हातारा मागच्या अंगणात होता, शिडी लावून छपराच्या पन्हळीतली पानं काढत होता. खिडकीतून त्याचे पाय दिसत होते. मी म्हणालो, मला फार वाईट वाटतंय. ती माझ्यासमोर बसली. कॉफी ढवळली. चमचा बशीत ठेवला.

"तुला त्यानं सांगितलेलं नाही ना?" ती म्हणाली. "सांगणार नाही तो. साहेबानं त्याला आधी विचारलं होतं. म्हणाला, तुमच्या दोघांतला एकच राहील, जुना माणूस म्हणून तुझं मत सांग. यानं तुझं नाव दिलं. तुझी बायको पोटुशी आहे, आणि नोकरी गेली तर तुला देश सोडावा लागेल, म्हणून. मला न विचारता दिलं. घरी येऊन मग सांगितलं."

मी कप उचलला आणि परत ठेवला.

"साहेबाचा धीर होत नव्हता. पुढच्या सोमवारी त्यानं टेबलावर तुला विचारलं, आणि तू काय बोललास तेही यानं मला घरी येऊन सांगितलं. हसत सांगितलं. मला हसू आलं नाही."

टेबलावर तो खोका तसाच पडलेला होता, वर स्वेटर. मला रडू येत होतं, आणि सांगायला नको, पण रागही येत होता. त्याचा राग. माझं नाव देऊन झाल्यावर तो त्या टेबलावर माझ्याशी चौथ्या वर्षाच्या पोरासाठी भांडला कशाला? गप्प का नाही बसला? तो पोराची बाजू घेत होता की स्वतःची, की त्याला एवढंच बघायचं होतं, की मी एकदा तरी थांबतो का? मी थांबलो नव्हतो. मी त्या बाईला थँक यू म्हणालो.

"मला नको म्हणूस," ती म्हणाली. "तो मागं आहे."

मी उठलो. मागच्या दाराला जाळी होती, ती ढकलली आणि पायरीवर उभा राहिलो. म्हाताऱ्यानं शिडीवरून खाली बघितलं. हातात ओल्या पानांचा गोळा, कपाळाला चिखल. तो खरोखर खूश झाला मला बघून. म्हणाला, बरं झालं आलास, अर्ध्या तासात मॅच सुरू होतेय, बस आत, मी हात धुऊन येतो.

मी वाक्य जुळवलं होतं. तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "मला निघायला हवं. बायको घरी एकटी आहे."

"मग जा," तो म्हणाला. "आता तिला एकटं सोडत जाऊ नकोस."

आणि मी गेलो.